बॅकअप एका संगणकाचा, वाचन दुसऱ्या संगणकावर

कपाशीवरील गुलाबी बोंडअळीच्या सर्वेक्षणात कामगंध सापळ्यांच्या नोंदींवर बरेच काही अवलंबून असते. सलग ३ रात्री प्रति सापळा ८ किंवा अधिक पतंग आढळल्यास कीड आर्थिक नुकसानीच्या पातळीवर पोहोचली असे समजले जाते. यातील ‘सलग’ हा शब्द निर्णायक आहे. दोन रात्रींची नोंद हाताशी आणि तिसरी बंद पडलेल्या संगणकात, अशा स्थितीत फवारणीचा सल्ला देता येत नाही आणि थांबाही म्हणता येत नाही. म्हणून नोंदींचा बॅकअप घेतलेला असणे पुरेसे नाही. तो दुसऱ्या संगणकावर उघडता आला पाहिजे.

विंडोजमधील ‘फाइल हिस्टरी’ ही सोय वापरल्यास बाह्य हार्ड डिस्कवर त्याच नावाचे फोल्डर तयार होते. त्यात वापरकर्त्याचे नाव, त्याखाली संगणकाचे नाव आणि त्याखाली ‘डेटा’ अशी रचना असते. फाइली नेहमीच्या स्वरूपातच राहतात. त्या वाचण्यास वेगळा प्रोग्राम लागत नाही. मात्र प्रत्येक आवृत्तीच्या नावाला जोडलेली वेळ जागतिक प्रमाणवेळ असते आणि भारतीय वेळ तिच्या साडेपाच तास पुढे आहे. नावात १०_३० असेल, तर ती प्रत दुपारी ४ वाजताची समजावी.

डिस्क दुसऱ्या संगणकाला जोडल्यावर ‘परवानगी नाही’ असा संदेश येऊ शकतो. विंडोज खात्याचे नाव पाहत नाही. त्या खात्याला पहिल्या संगणकाने दिलेला ओळखक्रमांक पाहते. दुसऱ्या संगणकावर त्याच नावाचे खाते काढले तरी क्रमांक वेगळाच राहतो. (दिसायला सारख्या दोन प्रजाती एकच नसतात, हे कीटकशास्त्राच्या अभ्यासकांना सांगायला नको.) प्रशासक खात्यातून ‘कंटिन्यू’ दाबल्यास फोल्डर उघडते, पण त्याबरोबर डिस्कवरील परवानग्याही कायमच्या बदलतात. त्यामुळे हे बटण घाईत दाबू नये. डिस्क ‘बिटलॉकर’ने कुलूपबंद असेल आणि पासवर्ड हाती नसेल, तर ४८ अंकी पुनर्प्राप्ती क्रमांकाखेरीज मार्ग नाही. तो क्रमांक त्याच संगणकात जपून ठेवणे म्हणजे किल्ली कपाटात ठेवून कपाट बंद करणे होय.

याहून सोयीचा मार्ग म्हणजे बॅकअप कार्यालयातील नेटवर्कवर, मूळ संगणकाबाहेर ठेवणे. मूळ संगणकावरूनच फोल्डर शेअर केले, तर तो बंद पडताच वाटही बंद होते. विंडोजमध्ये शेअर केलेल्या फोल्डरला दोन परवानग्या लागू होतात, एक शेअरिंगची आणि दुसरी फाइलींची. त्यांतील अधिक कडक असेल ती चालते. दुसऱ्या संगणकासाठी स्वतंत्र खाते काढून त्याला केवळ ‘रीड’ अधिकार द्यावा. खंडणी मागणारे व्हायरस जिथे लिहिण्याचा अधिकार मिळेल तिथल्या फाइली निकामी करतात, हे त्यामागील मुख्य कारण आहे. संपूर्ण बॅकअपही उघडा करू नये. सर्वेक्षणाच्या फाइलींशेजारी शेतकऱ्यांचे आधार व बँक खाते क्रमांक असू शकतात. यवतमाळ आणि आदिलाबाद हे लगतचे जिल्हे आहेत व पतंग राज्याची सीमा मानत नाही. तरीही शेजारच्या केंद्राला सापळ्यांच्या नोंदींचे फोल्डर तेवढे द्यावे.

हे सारे पाते लागण्यापूर्वी करून एक जुनी फाइल दुसऱ्या संगणकावर प्रत्यक्ष उघडून पाहावी. फाइल आधी त्या संगणकावर कॉपी करावी आणि काम त्या प्रतीवरच करावे. नोंदी सीएसव्ही स्वरूपात असतील, तर तारखा अवश्य तपासाव्यात. दुसऱ्या संगणकावर अमेरिकी तारीखपद्धती असल्यास एक्सेल ०५/०८ म्हणजे ५ ऑगस्ट ही तारीख ८ मे अशी वाचते आणि सलग रात्रींचा क्रम विस्कटतो. १३ तारखेपासूनच्या नोंदी मात्र तारीख न बनता मजकूर म्हणून राहतात व रकान्यात डावीकडे सरकलेल्या दिसतात. चूक ओळखण्याची ती सोपी खूण आहे.