ठिपके न मांडता

अगं, तुझी वही पाहिली. हात चांगलाच वळलाय तुझा. पण मोबाईलवर फोटो शोधायचा, चौकोन आखायचे, मग एकेक रेघ उतरवायची. प्रत्येक पानावर आखणीच आधी दिसते. एकदा काही न ठरवता बस ना कागदापुढे.

"काहीच सुचलं नाही तर?" म्हणशील. रांगोळी आठव. पंधरा ते आठ ठिपके मोजत बसायचीस आणि एक रेघ चुकली की रडकुंडीला यायचीस. मुक्तहस्त घालणारी बाई मोजत नाही. रेघ जरा बाहेर गेली तर तिथूनच वेल काढते, पुढचं पान तिकडे वळवते. आपल्या शिंगणापुरात घरांना चौकटी आहेत, कवाडं नाहीत. त्या चौकटीपुढे अशी किती नक्षी उमटलेली आपण पाहिली, आणि घालणारीला आदल्या रात्री ती माहीत नसायची.

मात्र न ठरवणं म्हणजे वाटेल तसं फरकाटणं नव्हे, हे नीट ऐक. आपल्याच तालुक्यातल्या नेवाशात, शके १२१२ मध्ये, ज्ञानेश्वर गीतेवर बोलले आणि सच्चिदानंदबाबांनी ते लिहून घेतलं. नऊ हजारांवर ओव्या! ओवी बोलता बोलता आली असेल, पण गीता आधीच अंगात मुरलेली होती. तुझंही तसंच होऊ दे. रोज हात चालव. गाडग्याची कड, शेवग्याची फांदी, बाबांचे तळवे, दिसेल ते काढ. मग ज्या दिवशी ठरवायचं नाही, त्या दिवशी हाताला आपोआप आठवेल.

वासुदेव गायतोंड्यांची चित्रं बघ. १९२४ साली नागपुरात जन्मले, मुंबईच्या जे. जे. मध्ये शिकले. पुढच्या चित्रांत माणूस नाही, वस्तू नाही. रोलरने रंग पसरायचा, पॅलेट नाइफने खरवडायचा, खालचा थर वर येऊ द्यायचा. वर्षाकाठी मोजकेच कॅनव्हास, बाकी वेळ नुसतं बसणं. हे बसणं मला फार मोलाचं वाटतं. प्रभाकर बरव्यांचं 'कोरा कॅनव्हास' माझ्याकडे आहे, तेही घेऊन जा.

आणखी एक. कागदावर डाग पडला की लगेच त्याचा पक्षी करू नकोस, बाईचा चेहरा तर नकोच. तुझी ही खोड आहे, सुंदर काहीतरी दिसलंच पाहिजे अशी. आपल्या गावच्या शनीची चौथऱ्यावरची शिळा बघ. साडेपाच फुटांची ती, तिला ना नाक ना डोळे. त्यांच्यावाचून आपल्या लोकांचं कधी अडलं का? डागालाही तसाच राहू दे. थोड्या वेळाने त्याच्याशेजारी काय हवंय ते कळतं. नाहीच कळलं तर कागद उलटा धर, वर-खाली बदललं की तोल वेगळाच दिसतो.

सुरुवातीला स्वस्त कागद घे, मोठा घे. महागाच्या कागदावर हात आखडतो. शाई आणि जाड ब्रश पुरेत. रेघ मनगटातून नको, खांद्यातून येऊ दे. खोडरबर माझ्याकडे ठेवून जा.

झालं की खाली तारीख घाल आणि कुणालाही न दाखवता गादीखाली ठेव. दिवाळीत मी येईन तेव्हा दोघी मिळून काढू. काय ठेवायचं, काय फाडायचं, ते तूच सांग. मी मध्ये बोलणार नाही.