पोलो जीटीनंतर कोणती?

प्रश्न : माझी पोलो जीटी टीएसआय आता थकली. समृद्धी महामार्गावरून वरचेवर मुंबईला जातो. व्हर्टस जीटी घेऊ की आय-२० एन लाइन?
– एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : बिनधास्त व्हर्टस घ्या, पण दीड लिटर इंजिनाचीच. पोलोची १०५ अश्वशक्ती, हिची १५०. टॉर्कही १७५ वरून थेट २५० न्यूटन-मीटर. एन लाइन १२० अश्वशक्तीची. गावात चपळ, पण ७०१ किलोमीटरच्या समृद्धीवर व्हर्टसच शोभते. रोज सीताबर्डीच्या गर्दीत अडकत असाल, तर डीएसजी या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचा ड्राय क्लच तापतो. म्हणून मॅन्युअलही चालवून पाहा.

समृद्धीवर ताशी १२० ची मर्यादा पाळाच. मे महिन्यात निघण्यापूर्वी टायर थंड असतानाच हवा तपासा. कडेला बारीक तडे दिसले, तर टायर बदलल्याशिवाय निघू नका.