कणा : देहाचे मूळ भांडवल
(आरोग्य प्रबोधन)



अहवालातील जमाखर्चाची पाने आपण पाहिलीच असतील. वाणिज्य शाखेच्या शिक्षणामुळे प्रत्येक गोष्टीकडे भांडवल आणि घसारा या दृष्टीने पाहण्याची आम्हांस सवय आहे. ज्याच्या घरी जमीन नाही त्या कष्टकऱ्याचे भांडवल म्हणजे त्याची पाठ. तिचा घसारा मात्र कोणत्याही वहीत लिहिला जात नाही. म्हणून आमच्या डॉक्टरांशी चर्चा करून हा लेख सादर करीत आहोत.

लासुर्णे हे नीरा डाव्या कालव्याच्या पट्ट्यातील गाव. परिसरातील साखर कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू झाला की बीड, अहिल्यानगर, जालना भागांतून ऊसतोड कामगार येतात. पती-पत्नी मिळून एक कोयता. बुडख्यापाशी वाकून ऊस तोडायचा, मोळी बांधायची, डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढवायची. पाठ धरली तरी घेतलेली उचल फिटायची असते. म्हणून दुखणे अंगावर काढले जाते.

मानेत ७, छातीमागे १२ आणि कमरेत ५ मणके असतात. त्यांच्यामधील गाद्या धक्के सोसतात. पाठीचे स्नायू या गाद्यांच्या मध्यापासून साधारण ५ सेंटिमीटरवर काम करतात. १० किलोचे ओझे ५० सेंटिमीटर पुढे धरले, तर तराजूच्या न्यायाने स्नायूंना सुमारे १०० किलोची ओढ द्यावी लागते. तेच ओझे २५ सेंटिमीटरवर आणले की ही ओढ निम्मी होते. वाकलेल्या धडाचे वजन यात धरलेले नाही. तात्पर्य, ओझे किती यापेक्षा ते अंगापासून किती दूर, हा प्रश्न मोठा आहे.

यावरून काही साधे नियम निघतात :

१. ओझे उचलताना जवळ उभे राहावे, पाय थोडे फाकवावेत, गुडघे वाकवावेत आणि ओझे पोटाशी धरावे. वळायचे असल्यास कंबर न पिळता पावले वळवावीत.

२. मोळी लहान बांधावी, खेपा वाढल्या तरी चालतील. तोडणी व बांधणी पती-पत्नीने आलटून-पालटून करावी.

३. डेअरीला दूध नेताना एका हातात भरलेली किटली नेण्यापेक्षा दोन्ही हातांत निम्मी-निम्मी न्यावी. फवारणी पंपाचे दोन्ही पट्टे सारखे आवळावेत.

४. द्राक्षबागेत मान वर करून विरळणी करताना मध्येच थांबून मान खाली, डावी-उजवीकडे हळूहळू फिरवावी.

५. कचेरीत वा अभ्यासाला बसणाऱ्यांनी पाठीस आधार घ्यावा आणि अर्ध्या तासाने उठावे. मोबाईल डोळ्यांच्या उंचीला आणावा. सुमारे ५ किलो वजनाचे डोके पुढे झुकले की त्याचा भार मानेवर पडतो.

ताठ बसणे म्हणजे काठीसारखे ताठरणे नव्हे. कोणतीही एकच बैठक दिवसभर हितकारक नसते. हालचाल हेच कण्याचे खरे औषध. रोजचे चालणे यासाठी पुरेसे उपयुक्त आहे.

येथे एक कबुली देणे आमचे कर्तव्य आहे. पूर्वी आम्हीही देणगीतून कंबरपट्टे वाटले आणि पाठ धरलेल्यास आठवडाभर पडून राहण्यास सांगितले. आज वैद्यकशास्त्र वेगळे सांगते. साधी कंबरदुखी बहुधा काही आठवड्यांत उतरते. तोवर झेपेल तेवढे हिंडते-फिरते राहावे, अंथरुण धरू नये. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत जुनाट कंबरदुखीसाठी माहिती आणि व्यायाम यांवर भर दिला असून पट्ट्यांचा नित्य वापर करू नये असे म्हटले आहे. २०२० मध्ये जगात सुमारे ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती, असे तिची आकडेवारी सांगते.

मात्र पुढील लक्षणे दिसल्यास घरगुती उपायांत वेळ दवडू नये : लघवी वा शौचावरील ताबा जाणे, मांड्यांच्या मधील भाग बधिर होणे, पायातील शक्ती कमी होणे. अशा रुग्णास त्याच दिवशी रुग्णालयात आणावे. उंचावरून पडल्यानंतरच्या दुखण्यासही हेच लागू आहे. ताप, वजन घटणे, रात्री झोप मोडणारी वेदना असल्यास मणक्याचा क्षयरोग असू शकतो. तो औषधांनी बरा होतो, पण उशीर झाल्यास पांगळेपण येऊ शकते.

कामगार दवाखान्यात आला तर त्याची दिवसाची मजुरी बुडते. म्हणून येत्या हंगामाच्या आरंभीच त्यांच्या कोप्यांवर जाऊन ओझे उचलण्याची रीत प्रत्यक्ष दाखवावी, असा आमचा मानस आहे. पट्ट्यांवर होणारा खर्च व्यायामोपचार तज्ज्ञाच्या मानधनाकडे वळवावा, ही विश्वस्तांस नम्र विनंती. दिलेला पट्टा हंगामाअखेर झिजतो. शिकवलेली रीत मात्र घरातील पुढच्या पिढीपर्यंत पोहोचते.



— प्रशासकीय विभाग, लासुर्णे