गादी सरकत नाही!

"अमक्याची गादी सरकली" हे आपण घरी, एसटीत, मेसमध्ये सगळीकडे ऐकतो. ऐकून वाटतं, दोन मणक्यांमध्ये वॉशर असावा आणि तो निसटून बाहेर येत असावा. पण तसं नसतं. ही गादी, म्हणजे डिस्क, वरच्या आणि खालच्या मणक्याला घट्ट जोडलेली असते.

आपल्या पाठीच्या कण्यात अशा २३ डिस्क असतात. प्रत्येकीच्या मधोमध जेलीसारखा गर, त्यात बहुतेक पाणीच. त्याभोवती चिवट तंतूंचे १५ ते २५ थर. एका थरातले तंतू एका बाजूला तिरके, तर पुढच्या थरातले उलट बाजूला. अगदी टायरच्या प्लायसारखे! वजन पडलं की गर सगळीकडे दाब देतो आणि हे थर ताणले जाऊन त्याला आवरून धरतात. मेकॅनिकलवाल्यांनी ओळखलंच असेल, हे तर प्रेशर व्हेसल!

१९९९ साली जर्मनीतल्या संशोधकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांनी एका स्वयंसेवकाच्या कमरेतल्या डिस्कमध्ये सेन्सर बसवून दाब मोजला होता. आडवं पडल्यावर ०.१ मेगापास्कल, उभं राहिल्यावर ०.५ आणि पाठ वाकवून २० किलो उचलताना २.३! तेच वजन गुडघे वाकवून उचललं तर १.७. कारच्या टायरमध्ये हवेचा दाब साधारण ०.२ असतो. आणि आपली २० लिटरची भरलेली बादली म्हणजे २० किलोच की!

खरी अडचण पुढेच आहे. मोठ्या माणसाच्या डिस्कमध्ये रक्तवाहिन्या जवळजवळ नसतात, अन्न मणक्यांमधून झिरपून येतं. त्यामुळे थर फाटले तर ते सहज भरून येत नाहीत. फटीतून गर बाहेर येतो, शेजारची नस दाबली जाते आणि कळ थेट पायात जाते. लोक ज्याला "सरकली" म्हणतात ते हेच.

रात्री झोपेत डिस्क पाणी शोषून फुगते, म्हणून सकाळी आपली उंची एक-दोन सेंटिमीटर जास्त भरते. पण तेव्हाच वाकताना तिच्यावर ताणही जास्त येतो. म्हणून उठल्या उठल्या वाकून बादली उचलू नका. गुडघे वाकवा, बादली अंगाजवळ धरा, नाहीतर सरळ अर्धीच भरा. मेसच्या मावशींनाही हे सांगा, त्यांची पातेली आपल्या बादलीपेक्षा जड असतात.

त्रास झालाच तर घाबरू नका, बहुतेकांना ऑपरेशनशिवाय बरं वाटतं. मात्र पायातली ताकद गेली किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर रात्रीचे दोन वाजलेले असले तरी वॉर्डन सरांना उठवा आणि थेट हॉस्पिटल गाठा.