ट्रॅक्टरच्या पोटातले तेल

डोंगरकड्याच्या शिवारात ऊस आहे, केळी आहे, हळद आहे. इसापूर धरणाच्या पाण्याने हा मुलूख हिरवा केला. पूर्वी माल बैलगाडीतून निघत असे. आता तो ट्रॅक्टरमागे ट्रॉली जोडून निघतो. उसाच्या दिवसांत तर एका ट्रॅक्टरमागे दोन दोन ट्रॉल्या असतात.

बैलगाडीला ओंगण लागते हे तेव्हा लहान पोरालाही ठाऊक होते. चाक कुईकुई करू लागले की गाडीवान खाली उतरे, चाक सैल करी आणि आसाला ओंगण लावी. ट्रॅक्टर कुईकुई करीत नाही. तो मुकाट्याने ओढत राहतो. म्हणून त्याच्या ओंगणाकडे कोणाचे लक्ष जात नाही.

आता कोणी म्हणेल, आम्ही तर तेल वेळेवर बदलतो. बदलता खरे, पण कोणते? ट्रॅक्टरमध्ये मुख्य तेले दोन. एक इंजिनाचे. ते पुष्कळ ट्रॅक्टरांत २५० तासांच्या आसपास बदलतात आणि ते बहुतेकांना माहीत असते. दुसरे तेल मागच्या पोटात असते. सीटखाली जो मोठा बिडाचा पेटारा दिसतो, त्यात गिअरचे दाते आहेत, मागची चाके फिरवणारे दाते आहेत. ते सगळे या तेलात बुडून फिरतात. पुष्कळ ट्रॅक्टरांत नांगर उचलणारी लिफ्टही याच तेलाने चालते. हे तेल कित्येक जण ट्रॅक्टर विकेपर्यंत बदलत नाहीत. खंडेनवमीला आपण ट्रॅक्टर धुतो, हळदकुंकू लावतो, हार घालतो. पोटात मात्र तीन वर्षांपूर्वीचे तेल.

आमच्या पुतण्याची गोष्ट सांगतो. त्याने जुना ट्रॅक्टर विकून नवा घेतला. दोन हंगाम ऊस ओढला. एक दिवस त्याला वाटले, मागचे तेल बदलावे. विचार चांगला होता. त्याने बाजारातून गिअरचे तेल आणले. जुन्या ट्रॅक्टरला जे नव्वद नंबरचे तेल घालीत असे, तेच आणले. दुकानदाराने काही विचारले नाही. यानेही काही सांगितले नाही.

आठ-दहा दिवसांनी आमच्याकडे आला. म्हणाला, “काका, ब्रेक दाबला की आतून कुरकुर करायलाय.”

आम्ही म्हटले, “मिस्त्रीला दाखव.”

“दाखवतो की. पण आता हंगाम चालू हाय, ट्रॅक्टर उभा करता येत नाही.”

त्याच आठवड्यात सकाळी दोन भरल्या ट्रॉल्या घेऊन तो नाल्याच्या उताराला लागला. ब्रेक दाबला, तर ट्रॅक्टर थांबेना. मागून ट्रॉल्यांचा रेटा येत होता. त्याने हिंमत करून ट्रॅक्टर बाजूच्या रिकाम्या रानात घातला. मागची ट्रॉली उलटली. सगळा ऊस नाल्यात गेला. ऊसतोड टोळीतल्या दोन बाया आणि त्यांची लेकरे रोज त्याच ट्रॉलीवर बसून येत. त्या दिवशी एक लेकरू आजारी होते, म्हणून ती सारी कोपीवर थांबली होती. पुतण्या रानात बसून राहिला. कितीतरी वेळ त्याच्या तोंडातून शब्द निघेना.

संध्याकाळी आम्ही त्याच्या घरी गेलो. आम्ही विचारले, “ट्रॅक्टरबरोबर पुस्तक मिळाले होते, ते कुठे आहे?” पुस्तक पेटीत होते. प्लॅस्टिकच्या पिशवीत, जसे आले तसे. सूनबाई तेव्हा नुकतीच वर्गात वाचायला शिकली होती. तिने ते मांडीवर घेतले. एकेका शब्दावर बोट ठेवीत ती वाचू लागली. बराच वेळ लागला. मग ती थांबली आणि म्हणाली, “मामंजी, इथं लिहिलंय. या ट्रॅक्टरचे ब्रेक तेलात बुडालेले आहेत. पुस्तकात दिलेलेच तेल वापरावे.”

झाले होते ते एवढेच. जुन्या ट्रॅक्टरचे ब्रेक सुके होते. त्यांचा पेटाऱ्यातल्या तेलाशी संबंध नव्हता. नव्या ट्रॅक्टरच्या ब्रेकच्या चकत्या त्याच तेलात फिरत होत्या. अशा तेलाला दोन उलट कामे करावी लागतात. दातांना ते निसरडे पाहिजे आणि चकत्यांना पकडू देणारे पाहिजे. म्हणून त्यात वेगळी औषधे मिसळलेली असतात. साध्या गिअर तेलात ती नसतात. मग चकत्या कुरकुरतात, घसरतात, खराब होतात. पुतण्याच्या ट्रॅक्टरचा पेटारा खोलावा लागला, चकत्या नव्या घालाव्या लागल्या. त्या हंगामाची निम्मी कमाई तिथेच गेली.

तेल खराब का होते, तेही समजून घेऊ. तळहात एकमेकांवर जोराने घासा. गरम होतात. गिअरचे दातेही असेच एकमेकांवर घासतात. मधे तेलाचा पातळ पापुद्रा असतो, म्हणून लोखंडाला लोखंड लागत नाही. ओझे जितके जास्त, तितका दाब जास्त आणि उष्णता जास्त. उष्णतेने तेल पातळ होते. वर्षानुवर्षे तापून ते काळे पडते, त्यातली औषधे संपतात. दात्यांची झीज होऊन लोखंडाचा बारीक भुगा तेलात मिसळतो. पाऊस आणि धुण्याचे पाणी फटीतून आत जाते. म्हणून नुसती पेरणी करणाऱ्या ट्रॅक्टरपेक्षा ट्रॉली ओढणाऱ्या ट्रॅक्टरच्या तेलाकडे जास्त पाहावे लागते.

ओझे ओढणाऱ्या गाडीचे तेल लवकर थकते, हे सगळ्या जगात खरे आहे. अमेरिकेत १९३९ साली जनरल मोटर्स कंपनीने हायड्रामॅटिक नावाची पेटी बाजारात आणली. ती ओल्ड्समोबील मोटारीत बसवली होती. तिच्यात गिअर आपोआप बदलत. क्लच दाबावा लागत नसे. तशा मोटारी आता आपल्याकडेही आहेत. त्यांच्यात इंजिनाचा जोर गिअरकडे नेण्याचे काम तेलच करते. ते कसे? दोन पंखे समोरासमोर ठेवा. एक सुरू करा. त्याच्या वाऱ्याने दुसराही फिरू लागतो. पेटीत वाऱ्याच्या जागी तेल असते. हे तेल बहुधा तांबडे असते. तिकडचे लोक अशा गाडीमागे होडी किंवा चाकावरचे घर जोडून हिंडतात. तेव्हा ते तेल फार तापते. म्हणून ओझे ओढणाऱ्याने ते लवकर बदलावे असे कंपन्या पुस्तकात लिहितात. पुष्कळ लोक ते घरीच बदलतात. पण एक अडचण येते. खालचे बूच काढले तरी सगळे तेल बाहेर पडत नाही. बरेचसे त्या पंख्यांच्या डब्यात अडकून राहते. तेव्हा थोडे थोडे करून दोन-तीनदा बदलावे लागते. आपल्या काही ट्रॅक्टरांच्या पॉवर स्टिअरिंगच्या टाकीत हेच तांबडे तेल असते. ते गिअरच्या पेटाऱ्यात ओतू नये.

आता आपल्या कामाकडे येऊ. तेल कधी बदलावे? घड्याळाजवळ तासांचा आकडा असतो. तो वाचावा. पुष्कळ ट्रॅक्टरांत हजार तासांच्या आसपास मागचे तेल बदलायला सांगतात. नव्या ट्रॅक्टरचे पहिले तेल त्याहून बरेच लवकर बदलतात, कारण नवे दाते सुरुवातीला जास्त झिजतात. आपल्या ट्रॅक्टरचा नेमका आकडा पुस्तकात असतो. तोच खरा. हिशेब करून पाहा. समजा, हंगाम १२० दिवस चालला आणि ट्रॅक्टर रोज ८ तास चालला. १२० गुणिले ८, म्हणजे ९६० तास. एका हंगामातच जवळजवळ हजार झाले.

ट्रॅक्टरची हमी संपली नसेल, तर काम कंपनीच्या दुकानातच करून घ्यावे. नाहीतर हमी जाण्याची भीती. हमी संपली असेल, तर दोन माणसांना हे काम घरी जमते.

यंदा दसऱ्याच्या आधी आम्ही आणि पुतण्याने ते केले. आम्ही म्हणजे बाजेवर बसून पुस्तक वाचले, हात त्याचेच काळे झाले. ट्रॉली सोडली. नुसते मुंडके सपाट जागी उभे केले. आधी अर्धा तास चालवून आणले, कारण कोमट तेल लवकर आणि पुरते निघते. फार तापलेले असू नये, हात भाजतो. लिफ्ट खाली सोडली. इंजिन बंद करून किल्ली खिशात घातली. चाकांना पुढून मागून दगड लावले. नुसत्या जॅकवर उचललेल्या ट्रॅक्टरखाली कधी शिरू नये.

पुतण्याने पाना घेतला आणि खालचे बूच खोलायला वाकला. आम्ही म्हटले, “थांब. आधी वरचे खोल.” वर तेल घालायचे बूच असते. ते गंजून अडकले आणि खालचे तेल आधीच सोडून दिले, तर ट्रॅक्टर जागेवरच बसला. मिस्त्रीकडेही नेता येत नाही. वरचे निघाले म्हणजे मग खालचे.

खालचे बूच एक नसते. पेटाऱ्याच्या पुढच्या भागाला वेगळे, मागच्या भागाला वेगळे, आणि काही ट्रॅक्टरांत चाकांजवळही असते. पुस्तकातल्या चित्रात ती दाखवलेली असतात. एक विसरले, तर तेवढे जुने तेल आत राहते आणि नव्याला नासवते. खाली रुंद घमेले ठेवावे, जवळ रिकामे डबेही हवेत. तेल थोडेथोडके नसते. ट्रॅक्टर मोठा असला तर वीस लिटरच्या दोन-तीन बादल्या भरतात.

निघालेल्या तेलाकडे नीट पाहावे. ते दुधासारखे पांढरट असेल, तर आत पाणी गेले आहे. कुठून गेले ते शोधले पाहिजे. जळका वास येत असेल, तर ते फार तापले आहे. काही बुचांना लोहचुंबक असते. त्यावर काळा बारीक भुगा दिसला तर घाबरू नये, तो झिजेचा आहे. पण लोखंडाचा तुकडा किंवा कपची सापडली, तर काम तिथेच थांबवून मिस्त्रीला बोलवावे. नवे तेल घातल्याने मोडलेला दाता जुळत नाही.

तेल ठिबकायचे थांबेपर्यंत आमचा चहा झाला. घाई करण्यात अर्थ नाही. मग लिफ्टच्या तेलाची जाळी काढून डिझेलमध्ये धुतली, वाळवली. काही ट्रॅक्टरांत कागदी फिल्टर असतो, तो धुवायचा नसतो, नवाच घालायचा. बुचांखालच्या तांब्याच्या चकत्या नव्या घातल्या. बुचे आवळली, पण अंगातले सगळे बळ लावून नव्हे. आटे गेले तर मोठे काम निघते.

तेल आणायला पुतण्या गेला, तेव्हा सूनबाईने पुस्तकातले तेलाचे नाव आणि आकडे कागदावर उतरून दिले होते. दुकानदार म्हणाला, “हे घ्या, सारखंच हाय.” पुतण्याने डब्यावरची अक्षरे कागदाशी जुळवून पाहिली. जुळली नाहीत. त्याने दुसऱ्या दुकानातून आणले. तेलात बुडालेल्या ब्रेकसाठी हे तेल चालते, असे डब्यावर किंवा कंपनीच्या कागदावर लिहिलेले पाहावे.

नरसाळ्यावर स्वच्छ जाळी ठेवून तेल हळूहळू ओतावे. ते जाड असते, खाली उतरायला वेळ घेते. मोजपट्टीवर दोन खुणा असतात. तेल त्या दोहोंच्या मधे, वरच्या खुणेजवळ हवे. कमी पडले तर लिफ्ट झटके देते. जास्त झाले तर फेस होतो, सीलमधून गळते, आणि सुक्या ब्रेकचा ट्रॅक्टर असेल तर तेच तेल ब्रेकवर जाते. भरल्यावर इंजिन थोडा वेळ चालवावे, लिफ्ट पाच-सहा वेळा वर-खाली करावी, मग इंजिन बंद करून पुन्हा मोजावे. थोडे घालावे लागतेच. कुठे ठिबकते का ते खाली वाकून पाहावे. पहिली फेरी रिकाम्या मुंडक्याची आणि सपाट रस्त्याची. ब्रेक दोन-चार वेळा दाबून बघावा. मगच ओझे.

जुन्या तेलाचे काय करावे? आमच्याकडे ते कोणी नाल्यात सोडतो, कोणी विहिरीच्या कडेला ओततो. त्याच विहिरीचे पाणी आपण पितो. ते चुलीतही जाळू नये, त्याचा धूर वाईट. तेच डब्यात भरून, झाकण लावून, जुने तेल गोळा करणाऱ्याकडे द्यावे. मोठ्या गॅरेजवाल्यांकडे असे लोक येतात. त्यात पाणी किंवा रॉकेल मिसळू नये, मग कोणी घेत नाही.

संध्याकाळी सूनबाईने एक वही काढली. तिने तीत लिहिले, आणि आम्ही फक्त एक काना दुरुस्त केला:

“१८ ऑक्टोबर. तास २३१२. मागचे तेल बदलले, ४० लिटर. जाळी धुतली. बुचावर बारीक भुगा, कपची नाही. पुढचे तेल ३३१२ तासाला.”