ओळख आपल्या रानातील तणांची



मृगाचा पाऊस होऊन उडीद-मुगाची पेरणी आटोपली की पंधरा दिवसांत रान हिरवे दिसू लागते. लांबून पाहणाऱ्याला ते सगळे पीकच वाटते. जवळ गेले की कळते, त्यातली बरीच हिरवळ आपण पेरलेलीच नाही. तिला मराठीत आपण तण म्हणतो, कन्नडमध्ये कळे. भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद या भागातील आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी शेती आहे. खुरपणीच्या दिवसांत मजूर मिळवताना घरच्यांची किती धावपळ होते, हे पालकांना वेगळे सांगायला नको. म्हणून या अंकात आम्ही तणांची ओळख करून देत आहोत. ओळख म्हणजे नुसते नाव नव्हे. ते कसे जन्मते, कशाने वाढते आणि पुढच्या वर्षी पुन्हा कुठून येते, हे कळले तरच खुरपे कधी चालवायचे ते कळते.

आपल्याकडे हा प्रश्न तुरीमुळे जास्त जाणवतो. कलबुर्गीच्या तूरडाळीला 2019 साली भौगोलिक मानांकन मिळाले, पण ही तूर पहिले दीड-दोन महिने फार सावकाश वाढते. तेवढ्यात तण तिच्या डोक्यावर जाते. त्यात काळी जमीन! पावसाची झड लागली की आठ-आठ दिवस वाफसा येत नाही, कोळपे चालत नाही, आणि तण मात्र थांबत नाही.

प्रथम एक सोपी परीक्षा शिकून घ्या. रोपाची काडी दोन बोटांत धरून फिरवा. काडी गोल आणि तिला पेरे असतील तर ते बहुधा गवत, जसे हराळी (कन्नडमध्ये गरिके). काडी तिधारी लागली, बोटांना कोपरे जाणवले, तर तो लव्हाळा (जेकु). पाने रुंद आणि बहुधा शिरांची जाळी असेल तर ते रुंद पानाचे तण : माठ, कुरडू, घोळ, केना, दुधी इत्यादी. यातील घोळ, तांदुळजा, कुरडूची कोवळी पाने तर आपल्या आया खुरपता खुरपता ओटीत भरून आणतात आणि संध्याकाळी त्यांची भाजी होते. तुरीच्या ओळीत जे तण, तेच चुलीवर अन्न!

जीवनक्रमाप्रमाणे पाहिले तर माठ, कुरडू, दुधी ही हंगामी तणे. बी रुजते, रोप फुलते, बी सांडते आणि रोप मरते. यांचे सगळे बळ बियांत असते, म्हणून फुलावर येण्याआधी उपटले की त्या रोपाचा प्रश्न संपला. केना मात्र लबाड आहे. त्याची निळी फुले आपल्याला दिसतात, पण काही फुले जमिनीखालीही लागतात आणि तिथेच बी धरते. शिवाय उपटून ओल्या रानात टाकलेला तुकडा पुन्हा मुळ्या सोडतो. केना बांधाबाहेर नेऊन वाळवावा.

लव्हाळा आणि हराळी ही बहुवर्षायू तणे. लव्हाळ्याचा भरवसा बियांवर फारसा नसतो. जमिनीखाली त्याच्या गाठी एकीला एक जोडून माळेसारख्या पसरलेल्या असतात. खुरप्याने वरचे पान कापले की गाठ पुन्हा कोंब काढते. माळ तुटली तर उलट एकेक गाठ स्वतंत्र उगवते. म्हणजे अर्धवट खुरपणीने लव्हाळा वाढतोसुद्धा. त्याचे वैरी दोन, ऊन आणि सावली. उन्हाळ्यात खोल नांगरट करून गाठी वर आणल्या तर त्या वाळून मरतात. पीक दाट होऊन सावली पडली तर तो दबतो. संतांनी लव्हाळ्याच्या नम्रतेचे कौतुक केले आहे. शेतकऱ्याने ते कीर्तनात ऐकावे, रानात नको.

आता सर्वात विलक्षण तण पाहू. ते म्हणजे ज्वारीतला टारफुला. वीतभर उंचीचे हे रोप, बारीक पाने, बहुधा पांढरी फुले. पाहून कुणालाही दया यावी! पण त्याची मुळे ज्वारीच्या मुळांत शिरलेली असतात आणि पाणी व अन्न तिथून ओढतात. ज्वारी पाणी असूनही कोमेजल्यासारखी दिसते, खुजी राहते. टारफुला जमिनीवर दिसण्याआधी काही आठवडे खाली हे काम चालू असते. म्हणून तो दिसला तेव्हा बरेचसे नुकसान होऊन गेलेले असते.

त्याचे बी धुळीच्या कणाएवढे. एका रोपाला हजारोंनी बिया येतात आणि त्या जमिनीत दहा वर्षे किंवा त्याहूनही अधिक जिवंत राहू शकतात. एवढ्या लहान बियात शिदोरी ती किती असणार? म्हणून ते नुसत्या पावसाने रुजत नाही. यजमान पिकाच्या मुळातून पाझरणारे एक द्रव्य जवळ आल्याची खूण पटली, तरच ते जागे होते. गंमत अशी की कापसाच्या मुळातूनही असे द्रव्य पाझरते, पण कापसाच्या मुळावर टारफुला जगू शकत नाही. बी फसून रुजते आणि उपाशी मरते. हे द्रव्य शास्त्रज्ञांनी 1966 साली प्रथम वेगळे केले ते कापसाच्या मुळांतूनच. दरवर्षी त्याच रानात ज्वारीवर ज्वारी घेतली तर टारफुला का वाढतो आणि फेरपालट केली की का घटतो, याचे उत्तर यात आहे. उशिरा दिसलेला टारफुलाही फुलण्यापूर्वी उपटावा. यंदाच्या ज्वारीला त्याचा उपयोग थोडाच, पण पुढची अनेक वर्षे वाचतात.

शेवटी काँग्रेस गवत, म्हणजेच गाजरगवत. मूळ अमेरिका खंडातले हे तण पुण्यात आढळल्याची नोंद 1956 साली प्रसिद्ध झाली आणि पुढे ते देशभर पसरले. आधी पाने गाजराच्या पानासारखी जमिनीलगत पसरतात, मग मधून दांडा वर येतो आणि बारीक पांढरी फुले लागतात. ओल मिळाली की कोणत्याही ऋतूत उगवते, महिना-दीड महिन्यात फुलते, त्यामुळे वर्षात त्याच्या तीन-चार पिढ्या होऊ शकतात. एका मोठ्या झाडाला हजारो बिया येतात. जनावरे ते सहसा खात नाहीत. मेक्सिकोतून आणलेला, याची पाने खाणारा एक भुंगेरा 1984 साली बेंगळुरू येथे सोडण्यात आला. तो पावसाळ्यात चांगले काम करतो, पण कोरड्या दिवसांत जमिनीत दडून बसतो आणि तण तेवढ्यात उरकून घेते.

पालकांना आणि विश्वस्त मंडळींना येथे एक विनंती आहे. या गवताने अंगाला खाज, पुरळ आणि काहींना दम्याचा त्रास होतो. श्रमदानात शाळेचे आवार स्वच्छ करताना मुलांना ते उघड्या हातांनी उपटायला लावू नये. फुलावर आलेल्या झाडांना तर मुलांनी हात लावूच नये. हे काम मोठ्यांनी हातमोजे घालून, नाकातोंडाला रुमाल बांधून, जमीन ओली असताना आणि फुले येण्यापूर्वी करावे. तणनाशकाच्या पंपापासूनही मुलांना दूरच ठेवावे.

विद्यार्थ्यांसाठी एक प्रयोग. घरच्या रानातील वरची वीतभर माती दोन पसरट कुंड्यांत घ्या. एक कुंडी बांधाजवळच्या मातीची, दुसरी रानाच्या मध्यातली. काहीही पेरू नका. रोज थोडे पाणी द्या आणि महिनाभर दर रविवारी उगवलेली रोपे मोजा. गवत किती, तिधारी किती, रुंद पानाची किती ते वेगवेगळे लिहा. बांधावरचे तण दरवर्षी बी सांडू देतो त्या घरची पहिली कुंडी काय सांगते ते पाहा. प्रत्येक रोपाचे नाव आजीला मराठीत आणि रानात कामाला येणाऱ्या मावशींना कन्नडमध्ये विचारून दोन्ही नावे वहीत उतरवा. नाव मिळाले नाही तर रोप कागदात दाबून आणा, वर्गात मिळून शोधू.