सिंहगडची सहल : पाठ म्हणून विचार

सहल म्हणजे वर्गाबाहेर घेतलेला पाठ होय, असे आपण सारेच म्हणतो. तथापि पाठासाठी जी पूर्वतयारी आपण करतो, ती सहलीसाठी क्वचितच करतो. परिणामी मुले गडावर पिठले-भाकरी व मडक्यातील दही खाऊन आनंदाने परततात आणि दुसऱ्या दिवशी पुस्तकातील निबंध वहीत उतरवितात.

या संदर्भात माझी स्वतःची एक चूक सांगणे उचित होईल. नोकरीच्या आरंभी चौथीची मुले घेऊन मी पुण्याजवळील सिंहगडावर गेलो होतो. एका मुलाने विचारले, "गुरुजी, घोरपड कोणत्या कड्यावरून चढली?" मी समोरच्या कड्याकडे बोट दाखविले. वस्तुतः मला काहीच ठाऊक नव्हते. मुलांनी मात्र ते विश्वासाने लिहून घेतले. ते बोट मला आजही बोचते.

म्हणून शिक्षक बंधुभगिनींना सुचवावेसे वाटते की, निघण्यापूर्वी प्रत्येक मुलाच्या वहीत तीन रकाने आखून घ्यावेत : पाहिले, मोजले, ऐकले.

पाहिले : पुणे दरवाजा, कल्याण दरवाजा, देवटाके आणि थरांवर थर असलेला काळा कातळ. हा कातळ सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा आहे. एवढ्या उंचीवर पाणी कसे टिकते, याचे उत्तर मुलांना टाक्याच्या काठाशीच शोधू द्यावे.

मोजले : गडाची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे १३१२ मीटर, तर पुण्याची सुमारे ५६० मीटर आहे. दर हजार मीटर उंचीला तापमान सरासरी साडेसहा अंश सेल्सिअसने उतरते. दोन तापमापके घ्यावीत. चढता चढता ऊनही वाढते. म्हणून पायथ्याशी व माथ्यावर एकाच वेळी, सावलीत नोंद करावी. ज्या मुलास चढणे शक्य नाही, त्याला घरी ठेवू नये. पायथ्याशी एका शिक्षकासह थांबून त्याने खालची नोंद घ्यावी. त्याच्या आकड्यावाचून वरच्या आकड्यास अर्थ नाही, हे साऱ्या वर्गास कळू द्यावे.

ऐकले : गडाचे जुने नाव कोंढाणा. इ. स. १६७० च्या फेब्रुवारीत तानाजी मालुसरे येथे धारातीर्थी पडले, इ. स. १७०० मध्ये छत्रपती राजाराम महाराजांचे येथेच निधन झाले. या घटनांना इतिहासाचा आधार आहे. घोरपडीची कथा पोवाड्यातून लोकमुखी झाली. ती कथा म्हणूनच सांगावी. त्याने तानाजींचे शौर्य तिळमात्र उणावत नाही. प्रत्येक नोंदीपुढे 'कोठून कळले?' हेही लिहवून घ्यावे.

सहल हिवाळ्यात व शक्यतो रविवार टाळून काढावी. वरिष्ठांची लेखी अनुमती व पालकांची संमती आधी घ्यावी. आतकरवाडीहून पायवाटेने सकाळीच चढावे. निघताना, दरवाज्यात व परतल्यावर मुलांची मोजणी करावी. कड्याच्या टोकाशी कोणासही जाऊ देऊ नये.

दुसऱ्या दिवशी एक तास या तीन रकान्यांच्या वाचनास द्यावा. मुलांच्या प्रश्नाचे उत्तर येत नसेल, तर "मला ठाऊक नाही, आपण मिळून शोधू" असे म्हणण्यात शिक्षकाने संकोच बाळगू नये. तो प्रश्न फळ्याच्या कोपऱ्यात लिहावा आणि उत्तर मिळेपर्यंत पुसू नये.